ताईच्या उशाशी आभाळ

४ फेब्रुवारी, बुधवार

आभाळ आठात तीन. पातळ, पिंजलेले ढग, फार उंचावर. वारा नसल्यासारखाच.

अकराच्या सुमारास एक ढग गच्चीच्या कठड्यावर टेकल्यासारखा थांबला आणि मीही त्याच्याकडे बघत थांबलो. चहा निवला. वेधशाळेत छत्तीस वर्षं आभाळाचे आठ भाग कल्पून त्यातले किती झाकलेत ते लिहिण्यात गेली. निवृत्त झालो तरी हात ऐकत नाही. आता साहेब नाही, तपासणी नाही, आणि चहा निवला तर ओरडणारंही कुणी नाही.

पण ही वही ढगांसाठी नाही. ती एका अडॅप्टरसाठी उघडली आहे, आणि याचं माझं मलाच हसू येतंय.

ताई डिसेंबरात न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, ताई मात्र उठली नाही. तिची खोली आतल्या अंगाला. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. "भिंतीचे पोपडे पाठ झाले रे मला," असं ती म्हणाली आणि मला कल्पना सुचली. माझ्या गच्चीवर एक कॅमेरा बसवला, तोंड वर. जुना लॅपटॉप झाकण मिटून कपाटात ठेवला. तो दर मिनिटाला आभाळाचा एक फोटो साठवतो, आणि साडेतीनशे किलोमीटरवर ताईच्या उशाशी ठेवलेल्या टॅबलेटवर आभाळ चालत राहतं. भाचीने एका रविवारी येऊन सगळं जोडून दिलं. याला घरचा सर्व्हर म्हणतात म्हणे.

घोडं अडलंय ते बोटभर वस्तूपाशी. लॅपटॉपचं नेटवर्कचं मूळचं भोक विजेच्या कडकडाटात जळालं, आणि वायफाय कपाटाच्या आत धड पोचत नाही. म्हणून यूएसबीत एक अडॅप्टर खुपसून त्याला तार जोडली आहे. तो लहरी निघाला. दुपारी कपाटावर ऊन आलं की तापतो आणि मान टाकतो. आज तीन वाजून बारा मिनिटांनी टाकली. तीन पन्नासला ताईचा फोन.

"तुझं आभाळ थांबलं रे."

मी धावत जाऊन अडॅप्टर काढला, फुंकर मारली, परत लावला. "दिसतंय का आता?" विचारलं, तर म्हणते, "बघते नंतर." पडद्यासमोरच पडलेली असून नंतर कशाला, कोण जाणे.

डॉक्टरांनी मार्चअखेरची मुदत दिली आहे. तोवर ती आपल्या पायांनी चालू लागली नाही तर पायांतलं बळ परत येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मग भाचीला नोकरी सांभाळून जमणार नाही आणि ताईला कायमची सोय असलेल्या ठिकाणी न्यावं लागेल. ताईला हे सांगितलेलं आहे. ती ऐकून भिंतीकडे वळली. माझी आशा त्या आभाळावर आहे. चालतं आभाळ बघून माणसाला उठावंसं वाटेलच की.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आठात पाच. खाली मळकट गोळे, वर ऊन.

थांबलं ३.०५ ला, फोन ३.३६ ला. एकतीस मिनिटं. हाताशी फोन असून इतका वेळ का लागतो? बहुधा सोसत राहते बिचारी, आत्ता येईल, मग येईल म्हणत. सोबतीच्या बाई तीनला जातात, भाची सहाला येते, मधले तीन तास तिला माझ्या आभाळाशिवाय कुणी नाही. आणि तेच नेमकं तेव्हा दगा देतं.

मोबाइल तिने आयुष्यात वापरला नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, तेव्हा फोन म्हणजे जाड रिसीव्हरचा, गोल गुंडाळलेल्या तारेचा. आमच्या घरात फोन करण्याचे नियमही तिनेच घातलेले. काम असेल तर करायचा, काम सांगायचं, ठेवायचा. "तुम्ही गप्पा मारता तेव्हा कुणाच्या तरी मयताची बातमी खोळंबलेली असते," असं ती आम्हा भावंडांना दरडावून सांगायची. त्यामुळे आम्ही कामाशिवाय एकमेकांना फोन करत नाही. चाळीस वर्षांत केलेला नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आठात एक. तोही उगाच.

थांबलं ३.२०, फोन ३.४३. तेवीस. आज तिला चक्क धाप लागली होती. रागाने असणार. लहानपणीही चिडली की असाच श्वास टाकायची. मी चार वेळा माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे रे. मगाशी एक ढग होता, दाढीवाला. गेला का?" मी वर जाऊन बघून आलो. गेला होता. "बरं झालं," म्हणाली, "फार बघत होता माझ्याकडे."

तडक बाजारात गेलो. संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या एक बाई आहेत, चष्मा कायम कपाळावर. त्यांना बोलूच दिलं नाही, काचेतला सर्वांत भपकेबाज अडॅप्टर उचलला. नेटवर्कचं एक भोक, वर यूएसबीची तीन, आणि एक निळा दिवा. बाई एवढंच म्हणाल्या, "काका, तुम्हाला तीन भोकं लागणार आहेत का?" मी म्हटलं, असलेली बरी.

११ फेब्रुवारी, बुधवार

आगीतून फुफाट्यात. हा सकाळीच दोनदा गेला. शिवाय गेला की परत येताना लॅपटॉप त्याला ओळखत नाही, नवा पाहुणा समजतो आणि सगळी मांडामांड पुन्हा करायला लावतो. निळा दिवा मात्र लुकलुकत राहतो, काही झालंच नाही अशा थाटात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. जुना परत लावला. निदान त्याच्या खोडी माहीत आहेत.

दुपारी खुर्चीतच डोळा लागला. पोटाखालून ढग चालल्यासारखं वाटत होतं आणि मी वरून त्यांचे भाग मोजत होतो. आठाच्या पुढचा आकडा आला तेव्हा जाग आली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आठात सहा.

थांबलं ३.१८, फोन ३.३५. सतरा मिनिटं. म्हणजे ३१, २३, १७. नोंदी खोटं बोलत नाहीत. ताईचा धीर सुटत चालला आहे. पूर्वी अर्धा तास सोसायची, आता जेमतेम पाव तास. हे असंच राहिलं तर टॅबलेट बंद करून पुन्हा भिंतीकडे तोंड करेल.

मला वाईट याचं वाटतं की माझ्या नोंदवहीत छत्तीस वर्षांत एकही रकाना रिकामा नव्हता. ताप अंगात असताना वेधशाळेचा जिना चढलोय. बायकोच्या दहाव्या दिवशीही सकाळी साडेआठची नोंद माझ्याच अक्षरात आहे. तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. आज लिहिताना तेवढा वाटला नाही. पण सवय लागली ती लागली. आणि आता सख्ख्या बहिणीसाठी मला एक आभाळ सलग देता येऊ नये?

भाची म्हणाली, व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई खूश आहेत, आईच्या मांड्यांत जोर येतोय. त्यांच्यासमोर मात्र ती दोन पावलांवर टाकत नाही. "पुरे झालं तुमचं," म्हणते आणि त्यांना वाटेला लावते. हट्टी आहे पहिल्यापासून.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आठात चार, पण काय चार! कापसाची गाडी उलटल्यासारखे.

थांबलं ३.०९, फोन ३.१८. नऊ मिनिटं! मी हादरलोच. पण रागावलेली नव्हती. उलट आवाज ताजा, तोंडावर पाणी मारून आल्यासारखा. अडॅप्टर परत लावून झाला तरी तिने फोन ठेवला नाही. म्हणाली, काल स्वप्नात ती एक्स्चेंजच्या जुन्या बोर्डासमोर बसली होती आणि भोकाभोकांतून ढग बाहेर येत होते. ती एकेकाला विचारत होती, कुठे जोडून देऊ? एकालाही पत्ता सांगता येत नव्हता. "मग काय केलंस?" मी विचारलं. म्हणाली, "सगळ्यांना एकमेकांशी जोडून दिलं आणि डबा खायला गेले."

आम्ही दोघं किती वेळ हसलो. घड्याळ बघितलं तर पावणेपाच. कुणाच्या मयताची बातमी खोळंबली असेल तर खोळंबू दे, असं क्षणभर मनात आलं. पण फोन ठेवल्यावर चुटपुट लागली. नऊ मिनिटं म्हणजे आता ती पडद्याकडे डोळे लावून, कधी थांबतंय याचीच वाट बघत असणार. असं आजारी माणसाला ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज चष्मेवाल्या बाईंना बोलू दिलं. त्यांनी आधी माझा जुना अडॅप्टर हातात घेतला, नखाने उघडला आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"काका, डब्यावरचं नाव बघून घेऊ नका. एकाच नावाच्या डब्यात कधी ही चिप निघते, कधी ती. आतली चिप कोणती ते विचारा. तुमच्या लॅपटॉपवर काय आहे, लिनक्स ना? मग जिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, त्यात आधीपासून असतो तीच घ्यायची. बाहेरून आणून बसवावा लागला की समजा, कधी ना कधी रडवणार."

"आणि वेग?"

"मिनिटाला एक फोटो जातो तुमचा. वेग काय करायचाय? तुम्हाला न झोपणारा पाहिजे." मग समजावलं. वीज वाचवायला लॅपटॉप अडॅप्टरला मधूनमधून झोपवतो, आणि काही अडॅप्टर त्या झोपेतून धड उठतच नाहीत. ती झोप बंद करण्याची ओळ त्यांनी कागदावर लिहून दिली. धातूचा डबा निवडला, उष्णता बाहेर पडते म्हणून. मध्ये वीतभर तारेची शेपटी असलेला, म्हणजे जड तारेचा भार थेट भोकावर येत नाही. "आणि कपाटाचं दार उघडं ठेवा," म्हणाल्या. "अर्ध्या अडॅप्टरांचे जीव बंद दारामागे जातात."

इतकं साधं होतं. मागच्या वेळी मी नुसता तोंड मिटून उभा राहिलो असतो तरी चाललं असतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आठात दोन. लख्ख.

बसवला. झोप बंद केली, कपाटाचं दार उघडं ठेवलं. तार हलवली, ओढली, लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला. पठ्ठ्या दर वेळी त्याच नावाने हजर. दुपारी मुद्दाम समोर खुर्ची टाकून बसलो. तीन वाजले, चार वाजले. हाताला कोमट लागत होता, बस्स. जुने दोन्ही अडॅप्टर भंगारवाल्याला देऊन टाकले.

३ मार्च, मंगळवार

आठात तीन.

आठवडा झाला. एक मिनिट गेलेलं नाही. दहा हजारांवर फोटो, ओळीने, एकही रकाना रिकामा नाही. वेधशाळेत असतो तर साहेबांना बोलावून दाखवलं असतं. ताईचा फोन नाही, म्हणजे तक्रार नाही. निवांत पडून बघत असेल.

९ मार्च, सोमवार

आठात सात, आणि उरलेल्या आठव्यातून उन्हाचा एकच झोत, तोही फिरता. कुणाच्या तरी छपरावरून सरकत सरकत पाण्याच्या टाकीवर गेला, तिथून शाळेच्या मैदानावर. मी बघत बसलो. ताईने बघितला असणारच. तिला त्यात काय दिसलं ते विचारावं असं फार वाटलं.

रिसीव्हर उचललाही. मग वाटलं, काय काम सांगू? ठेवून दिला.

तीन ते पाच फोनच्या खोलीत बसण्याची उगाच सवय लागली आहे. काही काम नसतं तिथे.

१६ मार्च, सोमवार

आभाळ बघितलं नाही आज. संध्याकाळी भाचीचा फोन आला, तिच्या मोबाइलवरून. आवाज रडवेला.

"मामा, आई पुन्हा उठेनाशी झालीय. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, फेब्रुवारीत छान चाललं होतं, आता पंधरा दिवसांत पार मागे गेली. काय बदललं, विचारतात. काहीच नाही ना बदललं."

मी म्हटलं, उलट आभाळ सुधारलंय, तीन आठवडे सलग आहे. पूर्वी थांबायचं तेव्हा तिला रोज मला फोन करायला लागायचा.

"आईला? कधी?"

"दुपारी. तू कामावर असताना."

"कुठल्या फोनवरून, मामा?"

"तुमच्या घरच्या. तिच्या उशाशी आहे ना तो."

"उशाशी नाहीये. बाहेरच्या दाराशी आहे, आहे तिथेच. मधे अख्खं स्वयंपाकघर येतं. आईला पलंगावरून खाली उतरवायलाच मी लागते. ती फोनपर्यंत जाऊच शकत नाही."

"मग मला रोज फोन कोण करत होतं?"

मी वही ओढली आणि तिला आकडे वाचून दाखवले. अडतीस, एकतीस, तेवीस, सतरा, नऊ. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं. ती धाप रागाची नव्हती. ती वॉकर घेऊन, भिंतीला धरून, अख्खं घर ओलांडून येत होती. कुणी बघत नसताना, एकटी. आणि मी शहाणा, बाजारातून उत्तमातला उत्तम अडॅप्टर आणून तिची वाट बंद करून बसलो.

"पडली असती म्हणजे, मामा?"

"नाही पडली."

मग भाची म्हणाली, "तो जुना अडॅप्टर आहे का अजून?"

भंगारात गेला म्हणून सांगितलं. छत्तीस वर्षं आकडे लिहिले मी. वाचता एकदाही आले नाहीत.

१७ मार्च, मंगळवार

आठात पाच. मोठे, सावकाश, चपट्या बुडाचे ढग.

तीन वाजून वीस मिनिटांनी मी हाताने तार काढली.

लिहायला सोपं आहे. काढणं सोपं नव्हतं. एक तर नोंदीत मुद्दाम भोक पाडायचं. ते सोडा, त्याचं दुःख फार टिकलं नाही. खरी भीती दुसरीच. तेव्हा ती हळूहळू जोर वाढवत येत होती. आता तीन आठवडे पडून पाय पुन्हा कच्चे झालेत. येताना पडली तर अडॅप्टरचा दोष नाही, हे माझ्या हातचं. आणि आलीच नाही, तर मार्चचे चौदा दिवस उरलेत.

तीन चाळीस. तीन पंचावन्न. नऊ मिनिटांत यायची ती. तार हातातच होती. चार दहाला मी ती भोकापर्यंत नेली आणि मागे घेतली. चार वीसला पुन्हा. बाहेर ढग अगदी सावकाश चालले होते, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसारखे, आणि मला त्यांचा राग आला.

चार सव्वीसला फोन वाजला. उचलला तर आधी नुसता श्वास. बराच वेळ.

"थांबलं," ताई म्हणाली.

"हो. तो अडॅप्टर जरा…"

"अडॅप्टरला काही झालेलं नाही. तू काढलंस."

मी हातातली तार खाली ठेवली.

"काल पोरगी गॅलरीत जाऊन तासभर तुझ्याशी कुजबुजत होती. आणि आज सोबतीच्या बाई गेल्यावर बरोबर वीस मिनिटांनी आभाळ थांबतं. अरे, मी खुब्यात मोडलेय, डोक्यात नाही."

"चिडलीस?"

"खूप. पलंगावरच कळलं मला. म्हटलं, पडून राहू दे असंच. मला काय सर्कशीतली समजलात?"

"मग उठलीस कशाला, ताई?"

पुन्हा श्वास. मग म्हणाली, "तू तिकडे तार हातात धरून बसला असशील म्हणून. स्वयंपाकघरात दोनदा टेकले. ओट्याला धरून उभी राहिले तेव्हा वाटलं, परत फिरावं. पण पुढे तू होतास आणि मागे भिंत."

मला रडू आलं. लपवलं नाही. ती शांतपणे ऐकत राहिली. लाईन अडली होती, पण तिने एका शब्दाने हटकलं नाही.

"फेब्रुवारीत का नाही सांगितलंस कुणाला?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर सगळे जमले असते टाळ्या वाजवायला. मला लोकांसमोर लंगडायला नाही आवडत. तुला दिसत नाही ते बरं असतं." मग म्हणाली, "आता लाव ते परत. दारापाशी बसलेय मी, पण खोलीत गेल्यावर लागेल मला. आणि उद्या काढू नकोस."

"मग तू…"

"मी येईन. किती वाजता ते मला विचारू नको, ते पाय ठरवणार. तू फोनपाशी बस म्हणजे झालं."

तार लावली. पहिल्याच दमात ओळखली लॅपटॉपने. नोंदवहीत आज एकोणऐंशी मिनिटांची जागा कोरी आहे आणि शेऱ्यात मी कारण लिहिलं, तार मुद्दाम काढली. खाली सही केली.

उद्या दोनपासूनच बसावं म्हणतो.